झावळी एकट्याने रोवायची नसते

आमच्या बेटावरच्या क्रातेन गावात समुद्रालासुद्धा मालक आहेत. हसू नका. बाहेरच्याला वाटतं पाणी म्हणजे पाणी, पण इथे हा तुकडा हसूनाचा आणि त्याच्या पलीकडचा त्याच्या चुलतभावाचा, हे पणज्यापासून ठरलेलं आहे. पाणी कमरेएवढं. त्यात खजुरीच्या झावळ्या रोवून कुंपण करायचं, मासे कुंपणाच्या कडेकडेने जात राहतात आणि शेवटी टोपलीत शिरतात. दोन मालकांच्या मधे एकच झावळी उभी असते. हिवाळ्यातल्या वादळात ती आडवी झाली तर कुणी एकट्याने परत रोवायची नाही. दोन्ही शेजाऱ्यांनी मिळून जायचं आणि दोघांचे हात देठाला लागले पाहिजेत. एकट्याने रोवलेली झावळी सरकते म्हणतात. पाण्याखालून, हळूहळू, कुणाच्या लक्षात न येता.

हसूनाची बायको नेजिया याला म्हाताऱ्यांची बडबड म्हणायची. तिचा जन्म इथलाच, पण उमेदीची वर्षं गेली समुद्रापलीकडच्या स्फाक्स शहरात, बोटीच्या कचेरीत टंकलेखन करण्यात. बोटं चालायची विजेसारखी आणि जीभ त्याहून जोरात. साहेबाने चुकीचं पत्र सांगितलं तर ती तसंच्या तसं टंकून त्याच्यापुढे ठेवायची आणि म्हणायची, "सही करा, मग दोघं मिळून हसू." अशी बाई. निवृत्त होऊन गावी परतली तेव्हा मच्छीमारांच्या जमियतीने तिला सकाळचं पान लिहायचं काम दिलं.

पान साधंच. आधी कोण वारलं त्यांची नावं, मग आजच्या बोटीने कोण येणार त्यांची. आमचं अर्धं गाव फ्रान्समध्ये, तेव्हा या दोन बातम्यांपलीकडे गावाला तिसरी बातमी लागतच नाही. पान फोनवरून मार्सेयला जायचं, आणि इथे धक्क्यावरच्या भोंग्यावरून खमैस ते वाचून दाखवायचा. खमैस जुना खलाशी. एका नावाला एक श्वास घ्यायचा, घाई नाही की ओढाताण नाही. आमच्या बायका चुलीपाशी हात थांबवून ऐकायच्या.

नेजिया मात्र थांबायची वेगळ्या कारणाने. तिचा एकुलता एक शाकिर परवाच्या साली द्राक्षांच्या दिवसांत इतर पोरांबरोबर बोटीत बसून इटलीकडे निघाला आणि पोचला नाही. काही प्रेतं किनाऱ्याला लागली, त्यांत तो नव्हता. घरात मागे राहिली त्याची बायको रीम. वर्षभराचा संसार आणि मग हे. ना सवाष्ण ना विधवा. शेजारच्या रमला गावातल्या एका विधुर मास्तराने तिला मागणी घातली होती आणि रीमला तो नापसंत नव्हता. पण शाकिरचं नाव पानात यायला हवं, भोंग्यावरून वाचलं जायला हवं, गैरहजर मयताची नमाज व्हायला हवी. त्याशिवाय गाव पुढे सरकत नाही. आणि ते नाव लिहिणारी बोटं नेजियाची. ती येणाऱ्यांची यादी लिहायला बसली की मनात म्हणायची, उद्या असेल.

हे पान तयार करायची युक्ती मार्सेयच्या भाच्याची, वज्दीची. मावशीला तो खालती म्हणतो. तो म्हणाला होता, "खालती, अगदी साध्या अक्षरांत लिही. सजावट नको, काही नको. ओळीच्या सुरुवातीला आडवी रेघ मारलीस की ते यादीतलं एक नाव. बाकी पान मशीन मांडेल."

"आणि यादी संपली हे त्याला कसं कळणार? स्वप्न पडणार?"

"एक ओळ मोकळी सोड की."

तिने सोडली. बरेच दिवस एका दिवशी दोन्ही याद्या कधी आल्याच नाहीत, त्यामुळे खोट कुणाला दिसली नाही. मग गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी दोन्ही आल्या. वारलेला एक म्हातारा, आणि खाली भाचीच्या लग्नाला येणारा रजब गवंडी, त्याची बायको आणि सासू हाज्जा मन्नाना. मशीनने मोकळ्या ओळीला काडीची किंमत दिली नाही. रेघेखाली रेघ दिसल्यावर त्याने सगळ्यांना एकाच यादीत बसवलं आणि खमैसने त्याच संथ, दुखवट्याच्या आवाजात चौघांना स्वर्गात पाठवलं.

लग्नघरात जो आकांत झाला तो काय सांगू! मांडव उतरवायला लोक शिडीवर चढले. आणि दुपारच्या बोटीतून रजब उतरला, खांद्यावर फ्रिजचा खोका घेऊन. धक्क्यावरचे लोक मागे सरले. हाज्जा मन्नानाने सगळ्यांची तोंडं पाहिली आणि विचारलं, "कोण गेलं रे?"

सगळे फ्रिजच्या खोक्याकडे बघू लागले. शेवटी एक जण म्हणाला, "तुम्हीच, हाज्जा."

गाव आठवडाभर हसलं. म्हातारी मात्र हसली नाही. लग्न आटोपल्यावर बाकीचे परत गेले, ती इथेच लेकीच्या जुन्या घरात राहिली आणि अंथरुणाला लागली. "एकदा नाव वाचलं गेलंय माझं," म्हणायची, "आता कशाला येरझाऱ्या घालू?"

नेजियाला हे फार लागलं. आयुष्यात तिच्या हातून टंकनाची चूक झाली नव्हती आणि झाली ती ही. तिने वज्दीला फोनवर धारेवर धरलं. तो म्हणाला, दोन याद्यांच्या मधे एक खूण घाल, आणि त्याने ती पाठवली. टोकदार कंस, उद्गारचिन्ह, रेघांचा पुंजका.

"हे काय रे? काटेरी तार?"

"मशीनला कळते, खालती."

"मशीनला कळते, पण खमैसला? आणि हे बघ, आपल्या उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिपीत ही खूण कोलांटी घेते. अर्धी इकडे, अर्धी तिकडे. मेलेले कुठल्या बाजूला आणि जिवंत कुठल्या?"

शेवटी तो म्हणाला, बरं, ओळीच्या सुरुवातीला दोन तिरप्या रेघा मार आणि पुढे तुला वाचता येईल असं काहीही लिही. यादी तिथे तुटेल आणि छापील पानावर ती ओळ दिसणार नाही. "काहीही लिही. 'समाप्त' लिही."

काहीही लिही म्हणणं सोपं असतं. ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. समोर रीम ऑक्टोपस बडवून मऊ करत होती. नेजियाने वारलेल्यांच्या खाली 'समाप्त' लिहिलं आणि लगेच खोडलं. "हे म्हणजे मरण संपलं असं झालं," ती म्हणाली. "दृष्ट लागायची." मग दुसरी यादी. येणाऱ्यांच्या खाली 'समाप्त'. तिची बोटं बटणांवर नुसतीच राहिली. येणारे संपले? आता कुणी यायचं नाही? रीमचा हातही थांबला होता. दोघी एकमेकींकडे पाहायचं टाळत होत्या.

मग चांदण्यांच्या खुणा टंकून पाहिल्या. खमैस फोनवर म्हणाला, "माझ्या डोळ्यांना ही माशीची घाण दिसते." रेघांची रांग करून पाहिली, तर त्याला वाटलं वरची नावं रद्द केली.

एवढ्यात हसूना ओल्या पायांनी आत आला. त्याने सगळं ऐकून घेतलं, हरीसाच्या तिखट चटणीत भाकरी बुडवली आणि म्हणाला, "एवढी शिकलेली बाई, आणि एवढं कळेना? दोन मालकांच्या मधे काय लावतात?"

नेजियाने दोन तिरप्या रेघा मारल्या आणि पुढे लिहिलं, झावळी.

काय चपखल बसली! छापील पानावर खमैसचा विश्वास उरला नव्हता, म्हणून तो आता फोनवरून नेजियाचा मूळ मजकूरच वाचायचा. त्यात झावळी आली की त्याला कळायचं, हद्द आली. तो क्षणभर थांबायचा, आवाजातला दुखवटा उतरवायचा आणि येणाऱ्यांची नावं घ्यायचा. मशीनलाही कळलं, माणसालाही. नेजिया खूश. हसूना मात्र तोंडातला घास चावत म्हणाला, "एकटीनेच रोवलीस?"

"संगणकात काय समुद्र आहे?" ती म्हणाली.

त्याने खांदे उडवले आणि दुसरी भाकरी घेतली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती रेघ आली. वारलेल्यांची नावं संपल्यावर, झावळीच्या अलीकडे, एक रिकामी आडवी रेघ. पुढे नाव नाही. नेजियाच्या ती नजरेला पडली नव्हती. तिला ती ऐकू आली. खमैसने शेवटचं नाव घेतलं, श्वास घेतला आणि बोललाच नाही. भोंगा सुरू होता. त्यातून नुसती घरघर येत होती, दूरवरचं पाणी खडकाच्या कपारीत शिरावं तशी. एका नावाएवढी. मग तो येणाऱ्यांकडे वळला.

नेजिया तडक धक्क्यावर गेली. "आवाज बसला का रे तुझा?"

"रेघ आहे ना?" त्याने फोन दाखवला. "रेघ आहे म्हणजे कुणीतरी आहे. तू नाव लिहिलं नाहीस. मी कोण त्याला गाळणारा?"

तिने रेघ पुसली. दुसऱ्या दिवशी ती परत हजर. वज्दी फोनवर हसला. "शेवटच्या नावानंतर तू बटण एकदा जास्त दाबतेस, खालती. मशीन पुढच्या नावासाठी रेघ उघडून ठेवतं. बोट तुझंच आहे, भूतबीत काही नाही." पटण्यासारखं होतं. तिने बोटावर नजर ठेवली. रीमला शेजारी बसवून म्हणाली, "बघ ग, आहे का?" रीम म्हणाली, "नाही, उम्मी." पान गेलं. आणि खमैसच्या फोनवर रेघ होती. ज्या दिवशी कुणीच वारलं नाही त्या दिवशीही झावळीच्या अलीकडे ती एकटी रेघ होती, आणि त्या सकाळी भोंग्यावरून आधी नुसती घरघर ऐकू आली.

गावाची बोबडी वळली. प्रत्येकाला वाटे, ही जागा आपल्याच घरासाठी राखून ठेवलेली. बापे बोटी बाहेर काढेनात. एरवी भोंगा सुरू झाला की भुंकणारी बंदरावरची कुत्री त्या एका श्वासापुरती गप्प होत, हे मी स्वतः पाहिलंय. नेजियाला लोक वाटेत टाळू लागले. एका बाईने तर तोंडावर सांगितलं, "नाव घालून टाक बाई कुणाचं तरी, म्हणजे आम्ही सुटू." कुणाचं तरी! जीभ आहे की कोयता?

हाज्जा मन्नानाने तिला बोलावून घेतलं. म्हातारीचा नुसता अस्थिपंजर उरला होता, पण डोळे लखलखीत.

"ती जागा माझी का ग?"

"नाही हो हाज्जा. मशीनचा खेळ आहे तो."

"माझी असती तर बरं झालं असतं," म्हातारी म्हणाली. "पण माझी नाही. माझं नाव झालंय वाचून. हे कुणीतरी बिननावाचं आहे. ज्याचं नाव घेतलं नाही तो जातही नाही आणि घरी येतही नाही, पोरी. बंदराच्या बाहेर पाण्यात उभा राहतो. पाय दुखत असतील त्याचे."

नेजियाने म्हातारीच्या पायांवर पांघरूण ओढलं. मग ती उठली.

म्हातारी त्याच आठवड्यात गेली. नेजियाने तिचं नाव त्या रिकाम्या रेघेपुढे टंकलं. अख्ख्या गावाने सुटकेचा श्वास टाकला. जागा भरली एकदाची. दुपारी बापे हसत-खिदळत पाण्यात उतरले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खमैस थांबला. घरघर. एका नावाएवढी.

नेजियाने संगणकाचं झाकण आपटलं. रीम दारात उभी होती.

"उम्मी, ती जागा कुणाची आहे हे कुत्र्यांनासुद्धा कळलंय."

"तोंड सांभाळ."

"किती दिवस सांभाळू?"

"लग्नाची घाई झालीय तुला! मास्तराच्या घरचा कुसकुस खुणावतोय! माझ्या लेकाला मारून तुला मांडवात बसायचंय!" नेजिया ओरडली. असलं बोलणं तिच्या तोंडी कधी कुणी ऐकलं नव्हतं, आणि ऐकून तिलाच लाज वाटली.

रीम रडली नाही. ती समोर येऊन बसली. "मास्तराला मी हो म्हटलेलं नाही. म्हणेन कदाचित. पण खरं सांगू? खमैस थांबतो ना, तेवढ्या वेळात मी रोज मनात शाकिर म्हणते. पहिल्या दिवसापासून. दुसरं नाव तिथे बसतच नाही."

नेजियाने आपटलेल्या झाकणावर हात ठेवला. "मीसुद्धा," ती म्हणाली. "मीसुद्धा तेच म्हणते ग."

हसूना कोपऱ्यात जाळं शिवत होता. त्याने मान वर केली नाही. लेक गेल्यापासून त्याने त्याचं नाव उच्चारलं नव्हतं, आताही उच्चारलं नाही. एवढंच म्हणाला, "त्या तुकड्याच्या मालकिणी दोघी. आईचं कुठवर आणि बायकोचं कुठून, हे एकटीने ठरवलं. सरकणार नाही तर काय?"

नेजियाने झाकण उघडलं. रेघ वाट बघत होती. तिने लेकाचं नाव टंकलं, शाकिर, मग बापाचं, मग आजोबांचं, आमच्याकडे लिहितात तसं पूर्ण. शेवटच्या अक्षराला बोट बटणावर टेकलं आणि उचलेना. ज्या बाईने आयुष्यभर साहेबांची पत्रं डोळे मिटून टंकली तिला एक अक्षर जड झालं. रीमने आपलं बोट तिच्या बोटावर ठेवलं. दोघींनी मिळून ते दाबलं. मग तशीच, बोटावर बोट, खाली दोन तिरप्या रेघा आणि झावळी. एकेक अक्षर.

"घट्ट बसली?" हसूनाने विचारलं.

"बसली," रीम म्हणाली.

सकाळी गाव उंबऱ्यात उभं होतं. भोंगा खरखरला. खमैसने नावं घेतली, आणि शेवटी शाकिरचं, बापाचं, आजोबांचं, सगळं एका श्वासात. धक्क्यावर कुणीतरी मोठ्याने दुवा म्हटली. नेजिया स्वयंपाकघरात खांबाला धरून उभी होती, ती खाली बसली. तिचं रडं बाहेर पडलं ते शेजारच्या चार घरांना ऐकू गेलं. रीमनेही तिच्या गळ्यात पडून गळा काढला. इतके महिने या घरात कुणी मोकळं रडलं नव्हतं. आता रीमची इद्दत, विधवेने पाळायचा काळ, सुरू होणार होती, आणि ती संपली की मास्तराला काय सांगायचं ते तिचं तिने ठरवायचं होतं. नेजियाने तिच्या केसांवरून हात फिरवला आणि तुझं तू ठरव, असं तेवढ्यात सांगूनही टाकलं.

भोंग्यावर खमैस येणाऱ्यांकडे वळला होता. आवाजातला दुखवटा उतरला. एक नाव घेतलं. दुसरं घेतलं. मग त्याने श्वास घेतला, आणि घरघर ऐकू आली. एका नावाएवढी. या खेपेला झावळीच्या पलीकडे.

मग भोंगा बंद झाला.

नेजियाने फोन उचलला. मजकूर तिच्यासमोर होता. येणाऱ्यांत दोन नावं, खाली काही नाही. रेघ नव्हती. तिने खमैसला फोन लावला.

"शेवटी थांबलास का रे?"

"कुठे थांबलो? दोन नावं होती, दोन वाचली आणि बंद केलं. बाई, आज तरी नीट रड. यंत्राचं उद्या बघू."

शेजारणीला विचारलं. ती म्हणाली, आज कुठे थांबला? सरळ वाचलं की. देवाची कृपा. अख्ख्या गावाने सरळ ऐकलं होतं.

नेजियाने फोन खाली ठेवला आणि रीमकडे पाहिलं. विचारायची गरज नव्हती, तिनेही ऐकलं होतं. रीमचे डोळे पुसायचे राहून गेले होते.

"दुपारची बोट किती वाजता ग?" नेजियाने विचारलं, जन्म बोटीच्या कचेरीत घालवलेल्या बाईने.

रीम उठली. तिने फडताळातून चौथं ताट काढलं, ओढणीने पुसलं आणि टेबलावर ठेवलं. हसूनाने एकदा ताटाकडे पाहिलं, जाळं बाजूला सारलं आणि जाऊन बाहेरच्या दाराची कडी काढली.